परतीचा रकाना

बिबवेवाडी, पुणे
९ ऑगस्ट २०२५

चि. आम्रपाली हिस,

सप्रेम जयभीम.

बिबवेवाडीहून हिंजवडीला यायचं तर दोन बस आणि अडीच तास. पत्राला तीन दिवस लागतात, तरी पत्रच बरं. तू माझा फोन उचलत नाहीस, पण पोस्टमनला दारातून परत पाठवण्याइतकी तू वाईट नाहीस. पाकिटावरच्या अक्षरावरून मोठी बहीण कळलीच असेल. महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं फळ्यावर गिरवलेलं अक्षर आहे ते.

लिहायला कारण तुझी लेक. तनुजा परवा माझ्याकडे आली होती. तुला न सांगता आली होती, हे तिनेच सांगितलं. सातवा महिना, त्यात पावसाचे खड्डे, आणि ही बया एकटी कॅब करून आली. मी आधी चार शब्द सुनावले, मग थालीपीठ घातलं. दोन खाल्ली आणि म्हणाली, "मावशी, आप्पाजोबांची वही काढ. मुलगा झाला तर नाव ठरलंय. मुलगी झाली तर मला वहीतलं नाव हवंय. आमच्या टीममध्येच दोघींच्या मुलींची नावं सेम आहेत. हाक मारली की दोन पोरी धावत येतात."

मी वही काढली. आणि काय गं, तू तिला आपल्या बापाबद्दल काहीच सांगितलेलं नाहीस? छत्तीस वर्षांच्या पोरीला मला पहिलीपासून शिकवावं लागलं. आप्पांच्या आधीचे तीन भाऊ गेले, म्हणून आजीने यांचं नाव कचरू ठेवलं, म्हणजे कोणाला हा पोरगा न्यावासा वाटू नये. खडकीच्या कारखान्यात स्टोअरकीपर झाल्यावर याच कचरूने ठरवलं, की आपल्या वस्तीत यापुढे एकही पोरगी कचरी, धोंडी किंवा नकोशी होणार नाही. कारखान्याने टाकून दिलेलं स्टॉक रजिस्टर साहेबांना विचारून घरी आणलं. छापील रकाने होते : वस्तू, वर्णन, कोणास दिली, तारीख, परत. आप्पांनी 'वस्तू' खोडून 'नाव' लिहिलं, 'वर्णन' खोडून 'अर्थ', 'कोणास दिली' खोडून 'घर'. 'परत' तेवढं राहून गेलं. नाव कोण परत करतंय!

बाकी पद्धत कारखान्याचीच. पाली ग्रंथांतून नावं उतरवायची, आणि एकाला दिलेली वस्तू दुसऱ्याला द्यायची नाही. नामकरण झालं, सगळे 'साधु, साधु, साधु' म्हणाले, की घरी येऊन तांबड्या पेन्सिलीने टिक. म्हणून आपल्या वस्तीत एका नावाच्या दोन मुली कधी झाल्या नाहीत. पहिल्या पानावर दुसऱ्याच ओळीत तुझं नाव आहे. मी दीक्षेच्या आदल्या वर्षी जन्मले, म्हणून राहिले चंद्रभागा, वहीच्या बाहेर. तो राग मी वेगळ्या पत्रात काढीन.

तनुजाने पानं उलटली आणि एकोणिसाव्या पानावर बोट ठेवलं. "मावशी, हे बघ. खेमा. टिक आहे, तारीख आहे, पण घर रिकामं आहे. कोणाला दिलंय?"

मी म्हटलं, "दिलेलं आहे."

"अगं पण कोणाला?"

"दिलेलं आहे म्हटलं ना."

तिने लगेच मोबाईल काढला आणि मला वाचून दाखवायला लागली. "अर्थ : सुरक्षित, शांत. मूळ : पाली. संस्कृतात क्षेम. बिंबिसार राजाची राणी, नंतर भिक्खुणी झाली, भिक्खुणींमध्ये प्रज्ञेत सगळ्यांत पुढे. लोकप्रियता : अत्यंत दुर्मिळ. मावशी, हेच!" खाली शुभ रंग आणि भाग्यांकही दिला होता. आप्पांनी तो मोबाईल खिडकीतून भिरकावला असता.

तर माझं म्हणणं एवढंच. पोरीला आवर. अजून अकरा नावं शिल्लक आहेत. सुमेधा आहे, सोमा आहे, उत्तमा आहे. ते नाव कोणाला दिलंय हे तुला माहीत आहे, तेव्हा तूच तिला सांग.

तुझी,
अक्का


हिंजवडी
१८ ऑगस्ट

अक्का,

जयभीम. पत्र मिळालं.

तनुजाला मी काही सांगणार नाही. ती पोटात होती तेव्हा मी ते नाव मागितलं होतं. ती झाल्यावर आप्पांनी नाही म्हणून निरोप पाठवला. तो निरोप तूच आणला होतास. तेव्हापासून त्या नावाशी माझा संबंध नाही. वही तुझ्याकडे आहे, नकार पण तूच दे.

आम्रपाली

ता. क. पिनकोड चुकलाय. मास्तरणीचं अक्षर म्हणून पोचलं असेल.


बिबवेवाडी
२५ ऑगस्ट २०२५

चि. आमू,

जयभीम. पिनकोड सुधारला आहे. बघ, पाकिटावर ठळक लिहिलाय.

तनुजाला मीच सांगितलं, फोनवर. तूही कधी पूर्ण ऐकलेलं नाहीस, म्हणून तुलाही लिहिते. तुझं तेव्हा नाशिकला डी.एड. चालू होतं, तू पोचलीस तोवर सगळं आवरून झालं होतं.

८३ च्या फेब्रुवारीत मला मुलगी झाली. आप्पा दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होते. नर्सने सांगितलं तसे उठले, सायकल काढून घरी गेले आणि वहीत खेमाच्या पुढे टिक केली, शेजारी तारीख घातली. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने नामकरणाच्या आधी टिक केली. कारखान्यात कोणी असं केलं असतं तर यांनी त्याला उभा-आडवा घेतला असता. घराचा रकाना मात्र नामकरण झाल्यावर भरायचा म्हणून ठेवला. नामकरण बाराव्या दिवशी, रविवारी ठरलं होतं. अकराव्या दिवशी दुपारी ती गेली. ते नाव तिला कोणी हाक मारून म्हटलंच नाही गं, मीसुद्धा नाही. मला वाटायचं, रविवारी सगळ्यांच्या आधी मी म्हणीन.

हे ऐकून तनुजा म्हणाली, "सॉरी मावशी. राहू दे. मी सुमेधा ठेवते, तेही छान आहे." मला बरं वाटायला हवं होतं. फोन ठेवून मी दोनदा लसूण सोलायला बसले आणि दोनदा उठले.

आता तुला आणखी एक सांगते, हसू नकोस. त्या मोबाईलवर लोकप्रियता लिहिली आहे ना, तसला अभ्यास मी चोवीस वर्षं केला आहे. २००१ मध्ये मला मतदार यादीचं काम आलं. घरोघर जायचं, कोण आहे, कोण गेलं, कोणाला अठरा पूर्ण झाली ते तपासायचं. बाकीच्या बाया त्या कामाच्या नावाने बोटं मोडायच्या, मी मात्र हौसेने घ्यायचे. मुख्याध्यापकांना वाटायचं, काय ही कर्तव्यदक्ष बाई. आमू, २००१ च्या फेब्रुवारीत तिला अठरा पूर्ण झाली असती. मी नव्या मतदारांच्या पानांवरून बोट फिरवायचे, बिबवेवाडी झाली की पर्वती, पर्वती झाली की सहकारनगर. निवृत्तीनंतर याद्या मोबाईलवर आल्या, त्या आमचा रतन उतरवून देतो. आई याद्यांमध्ये काय वाचते, हे त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही.

मी स्वतःलाच सांगत आले, की आप्पांचा नियम मोडला जात नाही ना हे बघते. खोटं. मी तिलाच शोधत होते. तिच्या वयाची कोणी खेमा असली तर तिचं घर कसं आहे, नवरा बरा आहे ना, एवढं एकदा दारातून बघायचं होतं.

इतक्या वर्षांत एकच सापडली, २००४ साली, मंडईच्या मागच्या गल्लीत. खेमीबाई, वय एकाहत्तर. वय बघूनही मी तीन जिने चढून गेले. मारवाडातून आलेली म्हातारी पापड लाटत बसली होती. मी नाव तपासलं, सही घेतली आणि विचारलं, "तुमचं नाव फार वेगळं आहे. कोणी ठेवलं?" तर म्हणते, "अलग कहाँ का! हमारे गाँव में हर तीसरे घर में एक खेमी है। बैठो, पापड़ खाओ।" मी बसले, दोन पापड खाल्ले. आपण उराशी धरून बसलोय ते नाव कुठेतरी हर तीसरे घर में आहे, पापड लाटतंय, भांडतंय, म्हातारं होतंय, हे ऐकून मला त्या दिवशी फार गंमत वाटली. घरी येताना मी मंडईतून स्वतःसाठी सोनचाफा घेतला. कारण मात्र कोणाला सांगितलं नाही.

अजून एक सांगायचं आहे, पण आज नाही. तव्यावर भाकरी आहे.

अक्का


बिबवेवाडी
२ सप्टेंबर २०२५

आमू,

भाकरी करून आठवडा झाला. आता लिहितेच.

तू लिहिलंस, आप्पांनी नाही म्हटलं. आप्पांनी नाही म्हटलं नव्हतं.

तू बाळंतीण होऊन दवाखान्यात होतीस. आप्पांनी अंथरूण धरलं होतं, घशातून आवाज धड निघत नव्हता. तुला मुलगी झाली हे मी त्यांना सांगितलं आणि तुझी इच्छाही सांगितली. ते इतके हसले की ठसका लागला. मग वही मागवली, 'परत' वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "चंद्रे, इथं आजची तारीख घाल आन् सही कर. नाव परत जमा झालं म्हंजे आमूच्या पोरीला देता यील. चांगली वस्तू नुसती रॅकवर ठिवू नये, गंजती."

मी हो म्हटलं. वही छातीशी धरून बाहेर आले आणि दवाखान्यापर्यंत चालत गेले. जाताना खरंच सही करणार होते, तुला देणार होते. मग दारातून तू दिसलीस. पोरगी तुझ्या मांडीवर होती आणि तू तिच्याशी काहीतरी बोलत होतीस. माझ्या तोंडून निघालं, "आप्पा म्हणतात, एकदा दिलेलं नाव परत देता येत नाही." तू पदराने पोरीचं तोंड पुसत राहिलीस.

घरी येऊन आप्पांना सांगितलं, आमूला दुसरंच नाव आवडलंय, तनुजा ठेवते म्हणाली. ते म्हणाले, "बरं. तिची पोर, तिची मर्जी." वही मिटून उशाशी ठेवली. दोन महिन्यांनी ते गेले. त्या दोन महिन्यांत तू तीनदा आलीस, दारातच उभी राहून आईशी बोललीस आणि गेलीस. ते तुझ्याकडे बघत होते. तू का रुसलीस ते त्यांना कळलं नाही, आणि ज्या एका माणसाला माहीत होतं ते माणूस चुलीपाशी बसून कांदा चिरत होतं.

मी हे का केलं, ते लिहायला बसले तर चार पानं होतील आणि सगळी माझ्याच बाजूची होतील. मला हेवा वाटला. एवढंच खरं आहे. बाकीचं मी नंतर जमवलं.

हे वाचून तू माझं तोंड बघणार नाहीस असं वाटतं. दर १४ एप्रिलला येतेस, पाणी पितेस, चहा घेत नाहीस. आता पाणीही नको म्हणशील. तरी लिहिलं, कारण माझं खोटं मी सदतीस वर्षं आप्पांच्या नावावर खपवलं. निदान त्यांचं नाव मोकळं व्हावं.

आज सकाळी वही घेतली. एकोणिसावं पान, 'परत'. तारीख घातली, खाली सही केली. मास्तरणीच्या अक्षराचा पार बोऱ्या वाजला. पण नाव परत जमा झालंय, आमू. तनुजाला द्यायचं की नाही, ते तू ठरव. माझी काही अट नाही. मला बोलावलंच पाहिजे असंही नाही.

चंद्रभागा


हिंजवडी
६ ऑक्टोबर

अक्का,

उत्तर लिहायला महिना लागला. दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा तुझंच पत्र फाडणार होते, पण ठेवलं.

आप्पांना शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी हात पुढे केला होता. मला वाटलं पाणी हवंय. मी आईला हाक मारली आणि निघाले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ते दोन महिने तू मला परत देऊ शकत नाहीस. त्याच्यासाठी वहीत रकाना नाही, शोधू नकोस.

पण परवा संध्याकाळी घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी मोठ्याने म्हणून बघितलं, आप्पा हो म्हणाले होते. तीनदा म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची आठवण आली आणि राग आला नाही.

काल सकाळी तनुजाला मुलगी झाली. पावणेतीन किलो. दोघी बऱ्या आहेत. मी तनुजाला सगळं सांगितलं, तुझं खोटंही. ती चिडली. मग म्हणाली, वही माझ्याकडेच येणार होती ना शेवटी, मग मावशीलाच ती घेऊन येऊ दे.

नामकरण १९ तारखेला, रविवारी. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. तांबडी पेन्सिल आण, इथे कोणाकडे मिळत नाही.

चहाचं म्हणशील तर मी रुसून सोडला नव्हता. तू साखर फार घालतेस. लहानपणापासून घालतेस.

आम्रपाली


बिबवेवाडी
२१ ऑक्टोबर २०२५

चि. आमूस,

जयभीम.

आता तू फोन उचलतेस, तरी लिहिते आहे. परवा तू माझ्या शेजारीच होतीस, पण तिथे माझ्याच्याने काही बोलवलं नाही, आणि मी न बोलता राहिले असं आपल्या घरात कधी झालेलं नाही.

पहिलं म्हणजे, तुमची लिफ्ट फार जोरात जाते. एकोणिसावा मजला येईपर्यंत माझे कान गच्च झाले. दुसरं, जावयाने फुगे लावले ते ठीक, पण बाबासाहेबांच्या फोटोशेजारी जांभळे? असो. पोरगा हौशी आहे.

बौद्धाचार्य ज्ञानदेव सरांनी त्रिशरण-पंचशील छान दिलं. मग विचारलं, "बाळाचं नाव कोण घेणार?" मला वाटलं तनुजाची नणंद पुढे होईल, तीच आत्या. मी मुद्दाम मागच्या खुर्चीवर बसले होते. तर ती पोरगी हसून बाजूला झाली, म्हणजे तुमचं आधीच ठरलेलं होतं. आणि तू येऊन माझ्या दंडाला असा चिमटा काढलास, की अजून काळानिळा डाग आहे. "ऊठ. रविवार आहे," म्हणालीस.

आमू, बेचाळीस वर्षांपूर्वी मला एक रविवार हवा होता. तू तो लक्षात ठेवलास.

पोर मांडीवर घेतली तर गाढ झोपलेली. डोक्यावर जावळ हे एवढं. मी नाव वाचलं होतं, याद्यांमधून शोधलं होतं, पत्रात लिहिलं होतं, पण तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते शाळेतल्या हजेरीसारखं खणखणीत निघालं, "खेमा!" आणि ती दचकून जागी झाली. सगळे हसले आणि मग 'साधु, साधु, साधु' म्हणाले. मी रडले ते तुला दिसलं, आता नाकारत नाही.

सगळे जेवायला गेल्यावर आपण तिघी वही घेऊन बसलो. मी नवीन ओळ घातली. खेमा. सुरक्षित, शांत. घर : तनुजा, हिंजवडी. तारीख. पेन्सिल तुझ्या हातात दिली आणि तू टिक केलीस, आप्पांसारखीच, खालचं टोक लांब ओढून. मी वही मिटायला लागले तर तू हात मध्ये घातलास आणि एकोणिसावं पान काढलंस. जुनी टिक, जुनी तारीख, परत केल्याची माझी वाकडी सही आणि घराचा रिकामा रकाना. तू तनुजाकडून पेन घेतलंस, मला काही विचारलं नाहीस आणि त्या रकान्यात लिहिलंस, 'चंद्रभागा'.

वहीत माझं नाव आलं गं. आणि तिला घर मिळालं.

त्यानंतर तू चहा आणलास. साखर नावालाही नव्हती. मी दोन कप प्यायले.

वही तनुजाकडेच राहू दे. अकरा नावं शिल्लक आहेत, तिने जपून द्यावीत. रतनला सांगितलंय, याद्या आता उतरवू नकोस. २०४३ साली एकदाच बघायची आहे, हिंजवडीची. तेव्हा मी अठ्ठ्याऐंशीची असेन आणि डोळ्यांना दिसणार नाही. तू वाचून दाखव.

तुझी,
अक्का